आत्याबाईला मिशा असत्या तर

अण्णा इतिहास शिकवायचे. उदगीरला, एकाच शाळेत, तीस वर्षं. तासाला एखाद्या पोरानं हात वर करून "सर, पानिपत आपण जिंकलं असतं तर?" असं विचारलं की ते खडू फळ्याच्या कडेवर ठेवायचे, दोन्ही हात झटकायचे आणि म्हणायचे, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. बस खाली." वर्ग खिदळायचा. इतिहासात जर-तरला जागा नाही. झालं ते झालं. सन लिहा, तह लिहा, कलमं पाठ करा. मी त्याच वर्गात मुलींच्या दुसऱ्या बाकावर असायचे. घरातले अण्णा तिथं 'सर' असायचे, त्यामुळे हसूही दाबूनच.

म्हणीतली आत्याबाई आमच्या घरात खरोखरची होती. अण्णांची धाकटी बहीण, किल्लारीच्या शेजारच्या एका गावात दिलेली. महालक्ष्म्यांना दरवर्षी माहेरी यायची. अण्णांनी घरात कुणाला तरी ही म्हण ऐकवली की ती हातातलं काम टाकून पदराचं टोक वरच्या ओठावर आडवं धरायची, भुवया वर करायची आणि जाड आवाजात म्हणायची, "काय गं पोरींनो, काकाला पाणी कोण देणार?" आम्ही लोळून हसायचो. अण्णा कपाळाला हात लावायचे, पण ओठाच्या कोपऱ्यात हसायचे.

मी नववीत होते तेव्हाची, म्हणजे १९९२ सालची गोष्ट. गावातल्या वाचनालयातून जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांचं एक पुस्तक आणलं. काळ्या रेक्झिनचं बाइंडिंग, पाठीवर पांढऱ्या शाईनं नंबर, आणि आत एका पानाच्या समासात कुणीतरी शिसपेन्सिलनं लिहिलेलं, 'भारी'. त्यात 'गंगाधरपंतांचे पानिपत' होती.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे प्राध्यापक. ट्रकची धडक बसते आणि ते एका वेगळ्याच हिंदुस्थानात जागे होतात. गाडी पुण्याहून मुंबईकडे निघालेली असते, आणि मुंबई जवळ येते तशी ब्रिटिशांची हद्द सुरू होते. बाकी देश ब्रिटिशांच्या ताब्यात कधी गेलेलाच नसतो. मुंबई तेवढी त्यांच्याकडे भाडेपट्ट्यानं असते. आपला मुलगा जिथं नोकरी करतो तिथं जाऊन पंत चौकशी करतात, तर या नावाचा कुणी माणूसच तिथं नसतो. मग इतिहासाचा हा प्राध्यापक अशा वेळी इतिहासाचा प्राध्यापक जे करील तेच करतो. ग्रंथालयात जाऊन बसतो आणि वाट नेमकी कुठं फुटली ते शोधू लागतो. ती सापडते पानिपतावर, १४ जानेवारी १७६१. आपल्या इतिहासात विश्वासरावांना गोळी लागली. तिथल्या बखरीत ती कानाला चाटून गेली. तिळाएवढ्या फरकानं.

तीळ! आणि तारीखही आजच्या संक्रांतीची. मी पुस्तक मिटून मधल्या खोलीत गेले आणि अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी पुस्तक हातातून घेतलं, चष्मा लावला, रात्री जेवण लवकर उरकलं. सकाळी पुस्तक माझ्या दप्तरावर ठेवलेलं होतं. एवढंच म्हणाले, "हा माणूस गणिती आहे. त्याला चालतं." आत्या त्या वर्षीही आलेली होती. ती म्हणाली, "म्हंजे दादा, पुण्याच्या गणितवाल्यानं लावल्या म्हण की आत्याबाईला मिशा."

नारळीकरांबद्दल मी तोवर एवढंच ऐकलं होतं की मोठे शास्त्रज्ञ आहेत आणि मुलांना वहीवर सही देत नाहीत. सही मागितली की म्हणतात, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, सही उत्तराखाली मिळेल. मी पंधरा पैशांचं कार्ड आणलं. पत्ता लिहिला त्यांच्या खगोलशास्त्राच्या संस्थेचा, आयुका, गणेशखिंड, पुणे. प्रश्न लिहिला: 'गोळी जिथं कानाला चाटून गेली ते जग अजून चालू आहे का?' खाली नाव, इयत्ता, तुकडी. कार्ड टाकायचं राहिलं. का राहिलं ते आठवत नाही. बहुधा अक्षर वाईट वाटलं असेल.

पुढं फिजिक्सला गेले, ते काही या एका कथेमुळं नव्हे. पण मुलाखतीत विचारलं तर मी ते कारण सांगायचे. मग या माणसाचं आयुष्य नीट वाचलं. जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. वाढले काशीत, कारण वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवत. आई सुमती संस्कृतच्या जाणकार. तिथून केंब्रिज. तिथं रँग्लर, फ्रेड हॉईल यांच्याकडे संशोधन, आणि १९६४ साली गुरू-शिष्यांनी मिळून मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत. पुढच्याच वर्षी पद्मभूषण, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आत. १९७२ ला केंब्रिज सोडून मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. इतक्या वर्षांनी तिकडची नोकरी सोडून परतणं त्या काळात लोकांना वेडेपणाच वाटला असणार. मला तर ते त्यांच्या कुठल्याही कथेपेक्षा धाडसाचं कथानक वाटतं.

पण त्यांच्या चरित्रातला माझा आवडता प्रसंग वेगळाच आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. नारळीकरांना कथा पाठवायची होती, पण नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी केली. ज. वि. ना. चं झालं ना. वि. ज. नारायण विनायक जगताप! अक्षर ओळखू येईल ही पण भीती, म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी आपल्या हातानं उतरवून काढली. 'कृष्णविवर' ही कथा, पहिलं बक्षीस. पर्यायी इतिहास लिहिण्याआधी या माणसानं एक पर्यायी स्वतःच लिहून काढला होता. आता सांगा, त्या जगतापांना बक्षीस मिळालं नसतं तर? कदाचित नारळीकर 'ठीक आहे' म्हणून आपल्या समीकरणांकडे परतले असते, आणि माझ्या वाचनालयातल्या त्या काळ्या पुस्तकाच्या जागी दुसरंच काहीतरी असतं.

त्यांच्या कथा मला सगळ्याच आवडतात असं मात्र नाही. पात्रं बहुतेक प्राध्यापक, शास्त्रज्ञ नाहीतर अधिकारी. पुण्या-मुंबईचे, नीटनेटके, एकमेकांना समजावून सांगणारे. संवादात कुणी कुणाला मधेच तोडत नाही, शिवी तर नाहीच. 'धूमकेतू'मध्ये नवरा विज्ञान मानणारा आणि बायको यज्ञ करवून घेणारी. हे लिहिताना घरात शेजारच्या टेबलाशी गणित करत बसलेली बायको त्यांना दिसत नसेल का, असा खवचट प्रश्न मला दरवेळी पडतो. मंगलाताई स्वतः गणिती होत्या. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं आणि अख्ख्या महाराष्ट्रानं त्यांची टिंगल केली, तेव्हा त्या शांतपणे समजावत राहिल्या. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. जोडाक्षरं न पेलणाऱ्या पोरांच्या वर्गात कधी उभं न राहिलेली माणसंच त्यावर सगळ्यात जास्त बोलली.

पण काही जागा अशा असतात की त्यांवर बाकी सगळं माफ. 'उजव्या सोंडेचा गणपती'तला माणूस मोबियस पट्टीसारख्या वाटेनं फिरून येतो आणि डाव्याचा उजवा होतो. ही कल्पना मी आजही कागदाची पट्टी पिळून वर्गात दाखवते. आणि 'गंगाधरपंत' मधली ती रिकामी अध्यक्षांची खुर्ची! आझाद मैदानावर पानिपतावरचं व्याख्यान चाललेलं असतं, व्यासपीठावर खुर्ची मोकळी, आणि आयुष्यभर सभांचं अध्यक्षपद भूषवलेले पंत खेचल्यासारखे जाऊन तिच्यावर बसतात. त्या जगात अध्यक्ष ही भानगड बंद झालेली असते. लोक टोमॅटो आणि अंडी मारतात. आमच्याकडच्या सत्कार समारंभांत तीन तास हारतुरे बघत बसल्यावर त्या जगात जायला मी एका पायावर तयार असते. पुढं डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४ वं साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष नारळीकर, पण प्रकृतीमुळं ते येऊ शकले नाहीत. म्हणजे पुन्हा रिकामी खुर्ची. त्याच्या पुढचं, ९५ वं संमेलन, एप्रिल २०२२ मध्ये आमच्या उदगीरला भरलं. मी तीन दिवस मांडवात होते आणि मनात सारखं येत होतं, की या गावात पानिपतावर कुणीतरी त्यांच्याशी बोलायला हवं होतं.

कारण पानिपताची वाट उदगीरहून जाते.

हे मला अण्णांनी सांगितलं, पण फार उशिरा. त्याआधी १९९३ साल आलं.

त्या वर्षी आत्या महालक्ष्म्यांना आली ती चांगली आठवडाभर राहिली. अण्णा म्हणत होते, अनंत चतुर्दशी करून जा. ती म्हणे, उडीद काढायला आलेत, घरी माणूस नाही. चतुर्दशीच्या सकाळी मी आणि अण्णा तिला स्टँडवर सोडायला गेलो. निलंग्याकडची गाडी आली ती खच्चून भरलेली, आत तीळ ठेवायला जागा नाही. कंडक्टरनं दारातूनच हात हलवला, दुसरी बघा. आत्या मागं वळली, मला म्हणाली, "चला, आजचा मुक्काम वाढला." तेवढ्यात कंडक्टरचं लक्ष अण्णांकडं गेलं. तो अण्णांचा विद्यार्थी निघाला. "सर, तुम्ही होय! या की आत्याबाई, होईल कायतरी." त्यानं दोन माणसं आत सरकवली, तिची पिशवी खिडकीतून घेतली. अण्णांच्या चेहऱ्यावर मास्तराला अशा वेळी येतो तो समाधानी भाव. आत्यानं खिडकीतून पदर ओठावर धरून मला मिशा दाखवल्या. गाडी गेली.

३० सप्टेंबरच्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, आमच्या घरातली मांडणीवरची भांडी आधी वाजली, मग पडली. आम्ही रस्त्यावर आलो. सगळी गल्ली रस्त्यावर होती. उजाडता उजाडता किल्लारीचं नाव ऐकू आलं. तिकडची घरं माळवदाची. दोन-दोन हात जाडीच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं ओझं. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात ऊबदार, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कौतुक व्हायचं त्यांचं. विसर्जनाहून उशिरा येऊन गाढ झोपलेली माणसं त्याच भिंतींखाली गेली. अण्णा सकाळीच मिळेल त्या वाहनानं निघाले. परत आले ते चौथ्या दिवशी. पाऊस लागला होता. अंगावरचे कपडे चिखलानं ताठ झालेले. आईनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

त्यानंतर आमच्या जिल्ह्यात जो भेटे तो जर-तर घेऊनच. बाहेर ओट्यावर झोपलो असतो तर. पोराला मामाकडं ठेवलं असतं तर. वासरू हंबरत होतं तेव्हाच उठलो असतो तर. आपल्याला हे आधीच दिसलं होतं असं सांगणारे ज्योतिषीही महिनाभरात उगवले. नारळीकरांनी पुढं २००८ मध्ये ज्योतिषाची चाचणी घेतली: हुशार आणि मतिमंद अशा दोन्ही गटांतल्या मुलांच्या कुंडल्या ज्योतिष्यांना दिल्या, कोणती कुणाची ते ओळखा. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आलेली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी याहून बरं आलं असतं. तो आकडा वाचला तेव्हा मला भूकंपानंतरच्या चिखलातून फिरणारे ते पंचांगवाले आठवले.

अण्णांनी मात्र कुणालाच काही म्हटलं नाही. आणि त्यांनी ती म्हण पुन्हा कधी वापरली नाही. हे माझ्या लक्षात यायलाही वर्षं गेली. दहावीत त्यांच्या तासाला एका मुलानं विचारलं होतं, "सर, खर्ड्याला निजाम कायमचा संपवला असता तर?" अण्णांनी खडू ठेवला, हात झटकले, आणि गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "पुढचं पान काढा."

एमएस्सीला मी औरंगाबादला, विद्यापीठात होते. विश्वरचनाशास्त्राचा एक छोटा भाग होता. महास्फोट झाला, विश्व प्रसरण पावतंय, पुरावा म्हणजे १९६५ मध्ये सापडलेलं पार्श्वप्रारण, आकाशातून सगळीकडून सारखे येणारे क्षीण किरण. हॉईल-नारळीकरांच्या विश्वाला ना आरंभ ना शेवट. त्यावर पुस्तकात अर्धं पान. सरांनी सांगितलं, "हे परीक्षेला येत नाही." १९६५ नंतर जग महास्फोटाच्या बाजूला गेलं. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्यासोबत त्यांनी आपल्या विश्वाची सुधारून नवी मांडणी केली आणि शेवटपर्यंत तिच्यासाठी भांडत राहिले. मी मुलांना महास्फोटच शिकवते, पुरावा तिकडंच झुकतो. पण बहुमतानं नाकारलेल्या एका विश्वात हा माणूस साठ वर्षं राहिला, आणि तरी त्याच्या बोलण्यात कडवटपणा आला नाही, हे मला त्या विश्वापेक्षा जास्त विलक्षण वाटतं. 'गंगाधरपंत' मधलं विज्ञान म्हणाल तर ते तितकं घट्ट नाही. क्वांटम सिद्धांताच्या अनेक जगांच्या मांडणीत एका जगातून दुसऱ्यात दोन दिवसांच्या सहलीला जाऊन येता येत नाही. नारळीकरांना हे माझ्याहून लाखपटीनं माहीत होतं. कथेला दार हवं होतं, त्यांनी ते ठेवलं.

होस्टेलला माझी एक मैत्रीण होती, परभणीकडची. तिला मी ही कथा मोठ्या उत्साहानं सांगितली. ती कपडे वाळत घालत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे त्या जगात पेशवाई १८१८ ला बुडली नाही."

"नाही ना! उलट पेशव्यांनी पुढं विज्ञानाची केंद्रं काढली."

"मग त्या केंद्रात मला घेतलं असतं का?"

मी काहीच बोलले नाही. ती चिमटे लावत राहिली. चार-सहा दिवसांनी १४ जानेवारी होती. ती मला विद्यापीठाच्या गेटवर घेऊन गेली. निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, कडेवर पोरं घेऊन रात्रभर प्रवास करून आलेल्या बाया. १९७८ मध्ये नामांतराचा ठराव झाला, मराठवाड्यात वस्त्या जळल्या, माणसं मारली गेली, आणि सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. "तुझी चौदा जानेवारी वेगळी, माझी वेगळी," ती म्हणाली. "माझ्या बापाला विचारलं तर तो म्हणेल, गोळी लागली तेच बरं झालं." तिनं कमानीकडं बघत डोक्यावर पदर घ्यावा तशी ओढणी घेतली. आम्ही भेळ खाऊन परत आलो.

तिचा प्रश्न मी अजून सोडवू शकलेले नाही. कथा पुन्हा वाचली की आता मला तलवारी, गोळ्या दिसतच नाहीत. दिसतं ते एकच वाक्यभराचं स्वप्न: एकोणिसाव्या शतकात राज्यकर्त्यांनी युरोपातलं बदलतं युग ओळखून स्वतःची विज्ञानकेंद्रं उभारली. लढाई जिंकणं हे नारळीकरांना फक्त तिथं पोचायला हवं होतं. आणि त्या जगात पेशव्यांनी केलं ते याच जगात त्यांनी स्वतः केलं. १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभी केली, २००३ पर्यंत तिचे संचालक राहिले. पाया असा की देशातल्या कुठल्याही विद्यापीठातल्या मास्तरानं, विद्यार्थ्यानं तिथं यावं, दुर्बिणीचा, ग्रंथालयाचा वापर करावा आणि आपल्या गावी परतावं. माझी ती मैत्रीण पुढं एका उन्हाळ्यात तिथं कार्यशाळेला जाऊन आली. परत आल्यावर म्हणाली, "जेवण चांगलं होतं." तिच्याकडून हे मोठं प्रशस्तिपत्र समजायचं.

अण्णा निवृत्त झाले त्या हिवाळ्यात आम्ही दोघं किल्ल्यात गेलो होतो. उदागीरबाबांच्या समाधीचं दर्शन घेऊन तटावर बसलो. खाली कोरडा खंदक, पलीकडं तुरीची रानं. अण्णांनी काठीनं पश्चिमेकडं दाखवलं. "निजामाची फौज इथून औशाकडं सरकत होती. धारूर गाठायचं होतं तिला. भाऊसाहेबांनी वाटेत गाठली. ३ फेब्रुवारी १७६०." हे मला पाठ होतं. साठ लाखांचा मुलूख मिळाला, त्यात दौलताबादचा किल्ला. इब्राहिमखान गारदी आधी निजामाकडं होता, तो इथं मराठ्यांकडून लढला, आणि पुढं पानिपतावर गेला.

"त्याच्या आधीच, १० जानेवारीला, दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले होते," अण्णा म्हणाले. "इथं कुणाला पत्ता नव्हता. बातमी आली तोवर उदगीर जिंकून झालं होतं. मग परतूरला मसलत बसली. अब्दालीवर कुणाला धाडायचं? राघोबादादा का भाऊ? भाऊंनी नुकतीच निजामाची हाडं मोडली होती. ठरलं. मार्चमध्ये परतूरहून निघाले, सोबत विश्वासराव."

परतूर म्हणजे आपलं जालना जिल्ह्यातलं. रेल्वेनं जाताना मी शंभरदा त्या स्टेशनवरून गेले असेन.

अण्णा बराच वेळ काठीनं दगडावर रेघा मारत होते. मग म्हणाले, "उदगीर हरलो असतो तर?"

मी त्यांच्याकडं बघितलं. तीस वर्षं पोरांना खाली बसवणारा माणूस.

"हरलो असतो, निदान अडकलो असतो सहा महिने, तर भाऊ गेलेच नसते तिकडं. पोरगंही गेलं नसतं. जिंकलो म्हणून गेलो." काठी थांबली. "कधी कधी आपलं काम होऊ नये, बाई. गाडी भरलेली असली की भरलेलीच असावी."

तेरा वर्षांनी तो विषय निघाला होता, तोही एवढाच. उतरताना त्यांनी माझा खांदा धरला. पायऱ्या झिजलेल्या आहेत तिथल्या.

पानिपत हा पुण्याचा पराभव आहे असंच आपण वाचत आलो. पण त्याची किंमत सगळ्यात लांबपर्यंत भरली ती आमच्या भागानं. उदगीरला गुडघ्यावर आलेला निजाम पानिपतानंतर पुन्हा उभा राहिला. राक्षसभुवनला माधवरावांनी १७६३ मध्ये त्याला झोडपलं, खर्ड्याला १७९५ मध्ये मराठ्यांनी पुन्हा हरवलं, तरी तो उरलाच. आणि आम्ही १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत त्याच्या राज्यात. माझे आजोबा उर्दूत शिकले. मरेपर्यंत सही उर्दूत करायचे आणि बेरीज करताना तोंडानं उर्दू आकडे म्हणायचे. ते जन्मले तेव्हा उदगीर बिदर जिल्ह्यात होतं. १९५६ ला ते उस्मानाबादेत आलं आणि हाकेच्या अंतरावरचं भालकी तिकडं राहिलं. १९८२ ला लातूर जिल्हा झाला. म्हणजे एकाच घरात, एकाच खोलीत, आजोबा बिदरचे, मी जन्मानं उस्मानाबादची आणि शाळेच्या दाखल्यावर लातूरची. आणि उस्मानाबादही आता धाराशिव झालं. आम्हाला पर्यायी इतिहास समजायला ट्रकची धडक लागत नाही. २०२३ पासून तर गावोगाव निजामकाळातल्या नोंदी चाळणं चाललंय, उर्दूतल्या, मोडीतल्या, एका 'कुणबी' या शब्दासाठी. उर्दू वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना अचानक मान आला. आजोबा असते तर त्यांच्या ओट्यावर रांग लागली असती. गंगाधरपंतांच्या खिशात बखरीचं एक फाटकं पान उरतं, तेवढाच त्या जगाचा पुरावा. आमच्याकडं कित्येक घरं अशाच एका पानाच्या शोधात आहेत.

आणि भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई? भाऊसाहेबांचं शव ओळखलं गेलं तरी त्यांनी कुंकू पुसलं नाही. पुढं भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याच्यामागं माणसं गेली, १७७६ मध्ये त्याला मारावं लागलं. त्या बाईनं तर उरलेलं सगळं आयुष्य दुसऱ्या इतिहासात काढलं. लोक तिला भ्रमिष्ट म्हणाले असतील. मला नाही वाटत तसं. उसने मागणाऱ्याला आपण सहज म्हणतो, 'विश्वास तर पानिपतातच गेला.' तिच्यासाठी कुणीच गेलं नव्हतं.

२० मे २०२५ ला सकाळी फोनवर बातमी आली, नारळीकर गेले. पुण्यात, झोपेतच. मंगलाताई दोन वर्षांआधी गेल्या होत्या. लातूरला कॉलेजला सुट्ट्या होत्या, क्लासवाल्यांच्या गल्लीत मात्र नव्या बॅचचे बोर्ड चढत होते. मी कपाटातून जुनं पुस्तक काढलं. वाचनालयाचं ते मी कधी परतच केलं नव्हतं. भूकंपाच्या गडबडीत राहून गेलं, आणि नंतर कुणी मागितलं नाही. पोस्टकार्ड त्यातच होतं. अक्षर खरंच वाईट आहे.

लेक यंदा अकरावीत, सीबीएसईला. इंग्रजीच्या पुस्तकात तिला हीच कथा आहे, 'द ॲडव्हेंचर' नावानं, बरीच छाटलेली. दिवाळीत उदगीरला गेलो होतो तेव्हा अण्णांनी तिला विचारलं, काय वाचायलीस. ती पलंगावर त्यांच्या पायाशी बसून इंग्रजीतून वाचत आणि मराठीत सांगत गेली. अण्णांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळं मोठ्यानं. रेल्वे झाली, ग्रंथालय झालं. टोमॅटोंवर अण्णा हसले. मग बखरीचं पान आलं.

"आबा, इथं बघा, इंग्रजीत पण तीळच लिहिलंय," ती म्हणाली. "गोळी कानाजवळून गेली. तिळाएवढा जरी फरक पडला असता तर मेला असता."

अण्णांनी कानामागं हात धरला. "पुन्हा वाच."

तिनं वाचलं.

"आणखी एकदा," अण्णा म्हणाले.